उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणारी द्राक्षे उन्हापासून कशी सांभाळावीत

पुणे जिल्ह्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात फळछाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) झालेल्या बागेचे घड साधारण मार्चमध्ये काढणीला येतात. म्हणजे मण्यात पाणी उतरून (कडक मणी मऊ होऊ लागून) गोडी भरण्याचा नाजूक काळ आणि दुपारचे तापमान पस्तिशीकडे सरकण्याचा काळ एकच असतो. जुन्नर-नारायणगाव असो की बारामती-इंदापूर, या दिवसांत बागायतदार धावपळ करतो ती फवारणीची. वास्तविक घड उन्हात टिकणार की भाजणार, याचा निर्णय त्याआधी दोन-तीन महिने, पानांची रचना करताना झालेला असतो.

आधी उष्णता नेमके काय करते ते समजून घ्यावे. द्राक्षाची पाने 25 ते 30 अंश सेल्सिअसला सर्वांत चांगले काम करतात. पारा 35 अंशांच्या पुढे गेला की त्यांची अन्न तयार करण्याची गती घटते आणि पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटू लागतात. थेट उन्हातला मणी सभोवतालच्या हवेपेक्षा 10 अंशांनी किंवा त्याहूनही अधिक तापू शकतो, त्यामुळे हवा 34 अंशांवर असतानाही त्याची साल भाजते आणि ज्याला आपण उकड्या म्हणतो ती विकृती दिसू लागते. मण्याला आंबटपणा देणाऱ्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक आम्ल तापलेल्या मण्यात लवकर जळते, टार्टारिक आम्ल मात्र बरेचसे टिकते. शरद सीडलेस किंवा जंबो अशा काळ्या वाणांत तर साखर भरूनही रंग फिकाच राहतो, कारण सालीतले रंगद्रव्य उष्णतेत नीट तयार होत नाही.

पहिले काम छाटणीची तारीख ठरवण्याचे. छाटणीपासून काढणीपर्यंत सुमारे सव्वाचार ते साडेचार महिने धरून उलटे मोजावे. नोव्हेंबरपर्यंत लांबलेली छाटणी घडाला आधी डिसेंबरच्या थंडीत अडकवते आणि मग ऐन उन्हात पिकायला सोडते. शक्य असेल तर बागेचे भाग पाडून आठवड्याच्या अंतराने छाटणी करावी, म्हणजे सगळी बाग एकाच उष्ण आठवड्यात सापडत नाही.

दुसरे काम पानांचे, आणि सर्वाधिक लक्ष इथेच द्यावे. घड असलेल्या प्रत्येक काडीवर एकूण 15-16 निरोगी पाने राहतील अशा बेताने शेंडा मारावा, म्हणजे काडीचे टोक खुडावे. याहून कमी पानांत घड पोसला जात नाही, आणि बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणाऱ्या फुटी) मोकाट वाढल्या तर आत दाटी होऊन भुरी या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण मिळते. घडाजवळची पाने काढताना दिशेचा विचार करावा. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेकडच्या बाजूची दोन-तीन पाने काढायला हरकत नाही, कारण सकाळचे ऊन कोवळे असते आणि त्याने दव लवकर सुकते. पश्चिमेकडची पाने मात्र अजिबात काढू नयेत. दुपारी तीनचे ऊन ज्या बाजूने घडावर पडते तीच बाजू भाजते, हे बागेत एक दुपार उभे राहिले तरी डोळ्यांना दिसते. विरळणी मण्यांची असो वा पानांची, ती पाणी उतरण्यापूर्वी, मणी हिरवे असतानाच उरकावी. सावलीत वाढलेला घड उशिरा एकदम उघडा पडला तर त्याची साल उन्हाला सरावलेली नसते आणि एका दुपारीच तो भाजतो. मांडव पद्धतीत घड पानांच्या छताखाली लोंबतात, म्हणून तिथे ही चिंता कमी असते. इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवण्याच्या वाय पद्धतीत कडेच्या तारांवरच्या फुटी बाहेर झुकू द्याव्यात, म्हणजे त्या घडावर छत्रीसारख्या राहतात.

पाण्याबाबत घाई नुकसान करते. ऊन वाढले की ठिबकचा वेळ एकदम दुप्पट केला जातो. त्याने मणी फुगतात, गोडी पातळ होते आणि साल तडकते. पाणी थोडे, नियमित आणि पहाटे किंवा संध्याकाळी द्यावे. बोदावर (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन घालावे. या जिल्ह्यात पाचट मुबलक आहे आणि ते जाळण्यापेक्षा मुळांजवळ थंडावा धरायला वापरणे कितीतरी चांगले. काढणीपूर्वीच्या आठवड्यात पाणी हळूहळू कमी करावे, पण पूर्ण तोडू नये, कारण तहानलेल्या वेलीचे मणी सुकून मऊ पडतात. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाधारित सल्ला प्रसिद्ध करते. पाण्याचे वेळापत्रक ठरवताना तो जरूर वाचावा.

एवढे करूनही पश्चिमेच्या कडेची ओळ उघडी राहत असेल तर त्या बाजूला शेडनेट उभे लावावे. पाणी उतरण्याआधी घडाला कागद गुंडाळल्याने उन्हापासून बचाव होतोच, शिवाय थॉमसन आणि तास-ए-गणेशसारख्या वाणांत पिंक बेरीची, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडण्याची, भीतीही कमी होते. केओलिनच्या पांढऱ्या मातीचा फवारा ऊन परतवतो, परंतु तो मण्यांवर डाग ठेवतो, म्हणून वाइनच्या बागेत चालेल, खाण्याच्या द्राक्षांवर टाळावा.

शेवटी पक्वता तपासावी. घडाचा वरचा भाग, मधला भाग आणि टोक, तसेच वेलीच्या दोन्ही बाजू, असे वेगवेगळ्या ठिकाणचे मणी घेऊन रस एकत्र करावा आणि रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजण्याच्या उपकरणावर पाहावा. खाण्याच्या पांढऱ्या वाणात साधारण 18 ब्रिक्स (रसातल्या गोडीचे माप), वाइनच्या वाणात 22 ते 24 ब्रिक्स हे लक्ष्य ठेवता येते. मात्र उष्ण आठवड्यात आकड्यावर एकट्यावर विसंबू नये. मण्यातले पाणी उडाले तरी ब्रिक्स वाढते, आणि ती खरी पक्वता नसते. म्हणून मणी चाखून आंबटपणा किती उरला आहे ते पाहावे, बी असलेल्या वाणात बी तपकिरी झाले आहे का तेही पाहावे. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे कच्चा घड घाईने काढण्यात अर्थ नाही. काढणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावी, घड देठाला धरून क्रेटमध्ये ठेवावेत, आणि भरलेली क्रेट ओळीत न ठेवता लगेच सावलीत, तिथून थेट प्रीकूलिंगला (साठवणीपूर्वी फळ झटपट थंड करण्यासाठी) न्यावी.