भाडेवाढीची बोलणी: आकडा सांगण्याआधी घरमालकाचं पुरतं ऐका

करार संपत आला की घरमालकाचा फोन येतो, "यंदा २२ चे २४ करू या." बहुतेक भाडेकरू त्याच क्षणी उत्तर देतात, "काका, २३ करा ना." तिथून पुढे सगळं बोलणं एका हजारावर अडकतं आणि २४ हजार हा आकडा आला कुठून, ते शेवटपर्यंत कळत नाही. तो हवेतून आलेला नसतो. सोसायटीनं मेंटेनन्स वाढवलेला असतो, गृहकर्जाचा हप्ता वाढलेला असतो, शेजारचा फ्लॅट जास्त भाड्यानं गेलेला असतो किंवा एखाद्या एजंटनं कानात काही घातलेलं असतं. प्रत्येक कारणावर उत्तर वेगळं असतं, म्हणून आधी कारण ऐकायचं.

करार संपायच्या दोन महिने आधी विषय तुम्हीच काढा. शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडे दुसरं घर शोधायला वेळ नसतो, हे मालकालाही माहीत असतं. फोनवरच आकडा आला, तर "ऐकलं काका, यावर बसून बोलू. रविवारी सकाळी येऊ का?" एवढंच म्हणा. व्हॉट्सॲपवर घासाघीस करू नका. बोलताना माणूस कुठे अडखळला, कुठे आवाज खाली आला, हे मेसेजमध्ये ऐकू येत नाही.

जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. आपल्याच गल्लीतल्या दोन-तीन फ्लॅटचं प्रत्यक्ष ठरलेलं भाडं. वेबसाइटवर दिसतो तो मागितलेला आकडा, म्हणून नुकतेच राहायला आलेल्यांना विचारा. घर बदलण्याचा खर्च: एजंटची दलाली (बहुधा एका महिन्याचं भाडं), टेम्पो, बांधाबांध, नवी अनामत. आणि तुमचा शेवटचा आकडा. यासोबत मालकाच्या बाजूचा हिशेबही करून पाहा. दोन हजारांची वाढ ११ महिन्यांत २२,००० होते. घर एक महिना रिकामं राहिलं, तर तेवढेच २२,००० जातात, वर रंगकाम आणि दलाली वेगळीच. हा हिशेब तोंडावर फेकू नका, तो धमकीसारखा ऐकू येतो. तो तुम्हाला धीर धरता यावा म्हणून आहे.

बसल्यावर पहिला प्रश्न: "काका, २४ कसं ठरवलंत, जरा सांगता का?" "का वाढवलंत?" असं विचारलं, की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, "कसं ठरवलंत" म्हटलं, की हिशेब सांगतो. मग गप्प बसा. ते थांबले तरी मनात तीनपर्यंत मोजा. पहिलं कारण बहुधा "महागाई किती वाढलीय बघताय ना" असं सर्वसाधारण असतं. खरं कारण त्या शांततेनंतर येतं. बोलणं अडलं, तर त्यांचेच शेवटचे शब्द प्रश्नासारखे परत करा: "सोसायटीनं वाढवलं?" पुढचं ते आपणहून सांगतात.

ऐकताना हुंकार जपून द्या. "हं", "अच्छा" चालतं. "हो", "बरं", "ठीक आहे" मात्र आपल्याकडे होकार म्हणून ऐकलं जातं, आणि नंतर "त्या दिवशी तर हो म्हणालात" असा वाद होतो.

काही वाक्यांकडे विशेष कान द्या. "बघू" हा बहुतेक वेळा नकार असतो, तो ऐकला, की आग्रह वाढवू नका, "यात तुम्हाला अडचणीचं काय वाटतंय?" असं विचारा. "घरी विचारून सांगतो" म्हणजे निर्णय दुसऱ्या कुणाचा आहे, "काकूही असतील तेव्हा परत येऊ का?" असं लगेच विचारावं. "वेळेवर भाडं देणारे भाडेकरू मिळत नाहीत हल्ली" हे कौतुकही असू शकतं आणि तुमच्या उशिरांची आठवणही. गेल्या काही महिन्यांत भाडं दहा तारखेनंतर गेलं असेल, तर ती आठवणच समजा.

दोघं जाणार असाल, तर एकानं बोलावं, दुसऱ्यानं फक्त ऐकावं आणि टिपून घ्यावं. दोघंही बोलू लागले, की कुणीच ऐकत नाही.

आता ऐकलेलं परत मांडा. "म्हणजे मेंटेनन्स वाढला, तो तुमच्या खिशातून जातोय आणि माझं भाडं दोनदा उशिरा आलं. असंच ना?" यावर नुसतं "हो हो" आलं, तर काहीतरी निसटलंय. "बरोबर, आणि शिवाय..." असं आलं, तर तुम्ही मुद्द्यावर पोचलात. उशीर झाला असेल तर तो इथेच कबूल करा, कारणं न देता. आणि "तुमचं बरोबर आहे, पण" हे वाक्य टाळा. "पण" आला, की त्याआधीचं सगळं पुसलं जातं. पूर्णविराम द्या, श्वास घ्या, मग नवं वाक्य सुरू करा.

उत्तर कारणाला लागू हवं. मेंटेनन्सचं बिल एकत्र बसून पाहा. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरत नाहीत. जास्त लावला असेल, तर सोसायटीला द्यायचं पत्र मालकाला लिहून द्या. उशिराची धास्ती असेल, तर बँकेतून दर महिन्याच्या तीन तारखेला आपोआप भाडं जाईल, अशी सोय करून दाखवा. घर रिकामं पडण्याची भीती असेल, तर ११ ऐवजी २४ महिन्यांचा करार आणि १२ महिन्यांनंतर ५ टक्के वाढ सुचवा. नोंदणीचा एक फेराही वाचतो. शेजारच्या भाड्याचा दाखला आला, तर त्यात पार्किंग, फर्निचर आहे का ते विचारा. हप्त्याची ओढ असेल, तर काहीजण अनामत वाढवून देतात. आमच्या मते हे शेवटी ठेवावं, कारण वाढीव अनामत परत मिळवणं हेच पुढचं भांडण ठरतं.

त्यांनी नवा आकडा दिला, तरी बसल्या जागी "चालेल" म्हणू नका. "उद्या संध्याकाळी सातपर्यंत कळवतो" म्हणा, आणि सातच्या आत कळवाच. तो शब्द चुकला, तर आधीचं सगळं ऐकणं वाया जातं.

ठरलं, की त्याच रात्री मेसेज करा: भाडं किती, कधीपासून, मेंटेनन्स कुणाकडे, अनामत किती, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) किती, नोटिशीची मुदत किती, घर सोडताना रंगकामाचे पैसे कुणी द्यायचे. करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि ११ महिन्यांच्या कराराला यातून सूट नाही. ऑनलाइन नोंदणीत अंगठा देण्याआधी मसुदा मागवून भाडं, अनामत, लॉक-इन आणि नोटिशीची मुदत या चार गोष्टी त्या मेसेजशी ताडून पाहा.