निफाडला गोठलेलं दव टिपायला निघालात? मग या चुका टाळा

दरवर्षी डिसेंबरात तेच. पेपरात 'निफाडचा पारा घसरला' छापून आलं की दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकहून चार-पाच गाड्या सुटतात आणि दुपारी व्हॉट्सॲपवर राखाडी, हललेले फोटो पडायला लागतात. वैताग येतो हो.

पहिली गोष्ट, नुसता पारा बघून निघू नका. पेपरातला आकडा जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या, तापमापक ठेवलेल्या पेटीतला असतो, आणि शांत, निरभ्र रात्री गवताजवळची हवा त्याहून बरीच थंड होते, म्हणून पारा ३ अंशांवर असला तरी पानांवर बर्फ दिसू शकतो. पण ढग असले किंवा वारा सुटला तर झोप काढा. २०१८ च्या डिसेंबरात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ च्या खाली गेला होता, तसलं वर्ष रोज येत नाही.

आता माझी आवडती चूक, म्हणजे मीच केलेली. मी आणि भाचा साडेपाचला पोचलो, अंधारात अर्धा तास द्राक्षाच्या बागेत फिरून जागा ठरवली, बोटं सुन्न झाली म्हणून गाडीत येऊन बसलो, हीटर फुल, थर्मासमधला चहा, आणि कॅमेरा मांडीवर. गार पडलेल्या लेन्सवर चहाची वाफ आणि गाडीतली दमट हवा, दोन मिनिटांत काच पांढरी. भाच्याने शर्टाच्या टोकाने पुसली, परत धुकट. परत पुसली, आता वर तेलकट ओरखाडेही. बाहेर धरून काच साफ होईपर्यंत सूर्य वर आला होता आणि पानांवर नुसतं पाणी. तेव्हापासून गाडीत शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करतो, वाफ पिशवीवर धरते, लेन्सवर नाही. आणि खरं सांगू का, पहाटे मी गाडीत बसतच नाही. थंडी वाजते तर वाजू दे, स्वेटर दोन घाला.

दुसरी, राखाडी बर्फ. फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो काळवंडवतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +०.७ ते +१ ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, अंधारात स्क्रीन नेहमी उजळच दिसते. मोबाईलवाल्यांनी बर्फावर बोट ठेवून सूर्याची खूण थोडी वर सरकवावी. नंतर एडिट करू म्हणणारे खूप भेटतात, ते नंतर कधी येतच नाही.

बाकीचं पटकन सांगतो. फ्लॅश नको. पानाच्या अगदी जवळ तोंड नेऊन श्वास सोडू नका, एका उच्छ्वासात कण वितळतात. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती लवकर बसते. सूर्य समोर घ्या, मग कण चमकतात, पण वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. आणि मीठ भुरभुरवून बर्फ दाखवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

बागवाल्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका. घड जपायला ते बिचारे रात्री उठून शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात, तुम्हाला छान वाटतो तो बर्फ त्यांच्या काळजाचा ठोका चुकवतो. एकदा एका बागेत आजोबा लांबून बघत होते, म्हणाले, "फोटू काढा भाऊ, पण तुमचा तो तिपाय आमच्या नळीवर ठेवलाय." खरंच, ठिबकची नळी चेपून बसली होती. आता ट्रायपॉड उघडायच्या आधी बॅटरीचा झोत जमिनीवर मारतो.