कुलूप लावण्याआधी: घरातल्या मुक्या जिवांसाठीची तयारी

घर बंद करून काही दिवस बाहेर जाताना कुत्रा-मांजर शेजाऱ्यांवर सोपवायचं असेल, तर सगळ्यात आधी एक वही घ्या, पुठ्ठ्याच्या कव्हरची, आणि पेन तिला दोऱ्याने बांधून टाका. मोबाइलवर लिहून व्हॉट्सअॅपला पाठवलं की झालं, असं मलाही वाटायचं. पण आमच्या देवगड तालुक्यात आषाढात एकदा तार तुटली की दोन-दोन दिवस लाइट नसते, टॉवर बंद असतो, आणि ज्यांना मेसेज पाठवला त्यांचा फोन चार्जिंग संपून फळीवर पडलेला असतो. वही भिजू नये म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा शेजारच्यांच्या ओटीवर, सगळ्यांना दिसेल असा.

दोन वर्षांपूर्वी मुंबईला आईच्या खुब्याचं हाड मोडलं. रात्री फोन आला, पहाटे मी कणकवलीहून गाडी पकडली. सहा दिवसांत येते म्हणून गेले, एकोणीस दिवस लागले. माझा कुत्रा, तांबू, तेव्हा नऊ वर्षांचा होता. शेजारच्या काकू दोन्ही वेळा भात घालत होत्या, त्यात काही कमी नव्हतं. अकराव्या दिवशी त्याने खाणं सोडलं, दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. गोचीडतापाची ही खूण असू शकते, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता आणि माझा फोन काकूंना लागत नव्हता. तेराव्या दिवशी पहाटे तो गेला. भर पावसात कातळावर खणणार कुठे? काकूंनी आणि त्यांच्या मुलाने मऊ माती बघून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला त्याला पुरलं. चार दिवसांनी व्हाळ भरून आला आणि काठच कापून घेऊन गेला. मी परत आले तेव्हा दाखवायला जागा उरली नव्हती. काकू पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाल्या, "खंय पुरूचो, तां तू सांगान गेलंस नाय, बाय."

खरं होतं. म्हणून या यादीत दोन जाणी एकत्र आहेत, आपलं आणि त्यांचं. आपण नसताना जनावर आजारी पडेल, कदाचित मरेल, हे निघण्यापूर्वीच कागदावर आलं पाहिजे. नाहीतर तो सगळा भार, जो माणूस प्रेमाने दोन घास घालायला तयार झाला, त्याच्या डोक्यावर पडतो.

माणूस ठरवताना जवळचं घर बघा, जवळचं नातं नंतर. चार किलोमीटरवरचा भाचा पावसात संध्याकाळी येईलच असं नाही, पण गडग्यापलीकडच्या काकू भांडी घासायला बाहेर आल्या तरी कुत्र्याकडे नजर टाकतात. एकावर भिस्त ठेवू नका, दुसऱ्या घरालाही सांगून ठेवा. आणि निघण्याच्या आदल्या दोन संध्याकाळी आपण घरात असतानाच त्यांच्या हातून खायला घाला. त्यांचा हात आणि आपला भात ही सांगड जनावराच्या मनात आधी बसावी लागते. आपली वापरलेली साडी न धुता त्याच्या बसायच्या जागी टाकून जा.

खाण्याबद्दल वहीत अंदाजाने लिहू नका. 'थोडा भात' म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. माप म्हणून एक वाटी डब्यातच ठेवा. कालवणाचं तिखट-मिठाचं पाणी नको, मासळी नुसती उकडून, काटे काढून. सुकं बाजारी खाणं देत असाल तर छोटी पाकिटं घ्या. आमच्या दमट हवेत उघडलेल्या मोठ्या पिशवीला आठवड्यात वास येतो, आणि बुरशी धरलेलं खाणं यकृतावर जातं. मुंग्यांसाठी परातीत दोन बोटं पाणी घालून मधोमध वाडगं ठेवायचं, हे काकूंना सांगायची गरज नाही, पण मुंबईहून राहायला आलेल्या भावजयीला आहे.

मांजराचं वेगळं. कुत्र्याला दुसऱ्याच्या घरी नेलं तर तो माणसाला धरून राहतो. मांजर घराला धरून राहतं. त्याला पिशवीत घालून दुसऱ्या वाडीत सोडलंत तर ते बहुधा परत यायला निघेल आणि वाटेत हरवेल. माझी चिंगी म्हणूनच आमच्या पडवीतच राहते आणि माणूस तिच्याकडे येतो. एक गोष्ट मात्र वहीत ठळक लिहा: मांजराने सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिसऱ्याची वाट बघायची नाही. उपाशी मांजराच्या, त्यातही जाड्या मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर त्यातून ते उठत नाही. दुधाची वाटी ठेवली म्हणजे मांजर जेवलं, असं नसतं.

धोक्यांचं पान आपल्या भागाप्रमाणे लिहावं लागतं. रात्री बिबट्या येतो, तेव्हा सात वाजता कुत्रा आत, पडवीचा दरवाजा लावलेला. साखळीने खळ्यात, म्हणजे अंगणात, बांधून ठेवणं म्हणजे त्याला पळायचीही सोय न ठेवणं. फुरसं कातळाच्या सापटीत आणि चिऱ्यांच्या ढिगात असतं. कुत्र्याचं तोंड किंवा पाय अचानक सुजला तर जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, मिळेल ती गाडी करून डॉक्टरकडे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवरही एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप शोधत बसण्यात वेळ घालवू नये. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढल्यावर नको असलेले केंड, हे विषारी मासे, वाळूत टाकून देतात. ते कुत्र्याने खाल्लं तर अंग लुळं पडत जातं आणि त्यावर उतारा नाही, म्हणून रापणीच्या दिवशी कुत्रा किनाऱ्याकडे सोडायचा नाही. गणपतीत निघणार असाल तर पंचखाद्यातले आणि मोदकातले बेदाणे कुत्र्याला घालू नयेत हेही लिहा. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि प्रसाद म्हणून हमखास कुणीतरी घालतं. ताप वाटला म्हणून क्रोसिन तर कधीच नाही. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

लसीचं कार्ड वहीच्या पहिल्या पानाला टाचा. रेबीजची लस दरवर्षीची, ती आपल्या गैरहजेरीत संपत असेल तर आधीच देऊन घ्या. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, लसही वर्षाची, आणि पहिल्यांदा देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते, म्हणजे ती मे संपायच्या आत पूर्ण व्हायला हवी. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टो माणसांनाही होतो आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून पसरतो, तेव्हा साफसफाई करणाऱ्यासाठी गमबूट आणि हातमोजे आपणच आणून द्या. त्यांना चावलं, ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळायचं नाही. गोचिडींसाठी निघण्याआधी डॉक्टरांकडून औषध लावून घ्या, आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी फोन, असं लाल शाईने लिहा. मी हे दर वेळी लाल शाईनेच लिहिते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर, एका खाजगी डॉक्टरांचा नंबर, आणि पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२. सरकारी डॉक्टर गुरांसाठी गावोगाव फिरत असतात, म्हणून दुसरा नंबर हवाच. रिक्षावाल्याचाही लिहा, आणि त्याला आधी विचारून ठेवा की आजारी कुत्रा गाडीत घेशील का. पाकिटात रोख पैसे ठेवा. नेटवर्क नसताना गुगल पे चालत नाही, आणि काकूंना आपल्या कुत्र्यासाठी स्वतःच्या पिशवीतले पैसे काढायला लावू नयेत.

आता ते पान, जे लिहिताना हात थांबतो. "मी फोनवर मिळाले नाही तर उपचाराचा निर्णय काकूंनी घ्यावा. डॉक्टर म्हणाले की त्याला फार यातना आहेत आणि बरा होणार नाही, तर त्याला शांतपणे जाऊ द्यावं. त्याबद्दल मी कुणालाही बोल लावणार नाही." खाली सही, तारीख. हे शेवटचं वाक्य वगळू नका. डॉक्टरांना परवानगी तर आधीच्या ओळींनी मिळतेच, पण काकूंना रात्री झोप लागते ती याच वाक्यामुळे.

आणि जागा. जनावर धडधाकट असतानाच ठरवा. आमच्याकडे माती म्हणजे जांभ्यावरची वीतभर साय, पहार मारली की खण्णकन वाजते. म्हणून उन्हाळ्यात पहार घेऊन घराभोवती टोचत फिरा आणि जिथे ती तीन फूट आत जाते ती जागा हेरा. मळ्यात किंवा व्हाळाकाठी माती मऊ असते, पण जुलैत दोन फुटांवर पाणी लागतं. विहिरीपासून लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. तशी जागाच नसेल तर मी केलं ते करा. गेल्या मे महिन्यात हापूसची कलमं लावायला गडी कातळात खड्डे मारत होते, मीटरभर लांब, रुंद आणि खोल. त्यांना मागच्या बाजूला एक जास्तीचा मारायला सांगितला आणि तो मातीने, पातेरीने सैलसर भरून वर एक चिरा उभा केला. पावसात, अंधारात, कुणीही एकटा माणूस फावड्याने तो उकरू शकतो. जित्या जिवासाठी खड्डा कशाला, असं वाडीत एक-दोघांनी विचारलं. मी त्यांना व्हाळाकडे नेलं आणि कापलेला काठ दाखवला.

पुरण्याच्या सूचना थोडक्या आहेत. उष्ण हवेत त्याच दिवशी. जुन्या सुती साडीत किंवा गोधडीत, प्लास्टिक नको. पट्टा काढून ठेवायचा. खड्डा तीन फूट खोल, वरती काठोकाठ माती, तिच्यावर काटेरी कुपाटी आणि मग चिरे, नाहीतर कोल्हे आणि रानडुक्कर उकरतात. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलेलं असेल तर हे दुप्पट काळजीने, कारण त्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि ते खाणारं जनावरही मरतं. पिसाळल्याचा संशय असेल तर हात लावायचा नाही, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. एक पाऊस गेल्यावर माती खचते, तेव्हा वर पाटीभर नवी घालायची.

दुसरं जनावर घरात असेल तर पुरण्याआधी त्याला हुंगू द्या. मुलांना 'पळून गेला' असं सांगू नका. माझ्या भाच्याला कुणीतरी तसं सांगितलं होतं, आणि तो पुढच्या सुटीत आला तो बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, उभा राहून तासभर तांबूला हाका मारत होता.

आठवणीचीही तयारी जित्यापणी करायची असते, आणि ती मी केली नव्हती. तांबूचे फोटो आहेत तीन, त्यातल्या दोनांत तो पळताना पुसट आलेला. आता चिंगीचे मी बसलेले, झोपलेले, डोळ्यांत बघणारे फोटो काढून कागदावर छापून घेतलेत. पाऊस संपून खळं चोपून शेणाने सारवलं की ओलं असतानाच तांबू त्यावरून चालत जायचा. मी ओरडायचे आणि वरून हात फिरवायचे. दर वर्षी ते ठसे माझ्याच हाताने पुसले. एकदाच, मागच्या दारी सिमेंटची पायरी केली तेव्हा गवंडी जेवायला गेला होता आणि हा तिच्यावरून उतरला. चार बोटं, मधली गादी, आणि एका नखाची खोल रेघ. गवंडी पुन्हा थापी मारणार होता, आईने नको म्हटलं. आज माझ्याजवळ त्याचं तेवढंच आहे. ती पायरी धुताना मी ठशात साठलेलं पाणी बोटाने काढते. तुम्ही नव्या सिमेंटची वाट बघू नका, मातीची टिकली थापून, पंजा उमटवून, उन्हात वाळवून घ्या.

समाधी बांधायचीच असेल तर लहान, जांभ्याची, आणि वर्षातून एकदा जाऊन बसता येईल अशा जागी. मला मात्र दुसरं काही जास्त पटतं. महालयात पान वाढताना गायीचा, कुत्र्याचा, कावळ्याचा घास आपण काढतोच. तांबू गेल्यापासून त्या दिवशी मी वाडीतल्या एका बिनमालकाच्या कुत्र्याला रेबीजची लस देऊन आणते. पहिल्या वर्षी त्याला धरायला तिघे लागले, दुसऱ्या वर्षी तो आपणहून रिक्षात चढला.

चाकरमान्यांना एक विनंती. मे महिन्यात किंवा गणपतीत येऊन पिल्लू घरात घेता, पोरं त्याला नाव ठेवतात, मांडीवर झोपवतात आणि पंधरा दिवसांनी घराला कुलूप लागतं. ते पिल्लू पायरीवर बसून राहतं. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या, ज्या घरातून रोज भात मिळेल अशा घराशी बोलूनच नाव ठेवा.

येत्या महिन्यात आईच्या तपासणीसाठी मला आठ दिवस जायचं आहे. चिंगीची लस पंधरा तारखेला संपते, ती आधी द्यायची. बॅटरीचे सेल बदलायचे. मागच्या खड्ड्यातली माती पावसाने चार बोटं खाली गेली आहे, वर एक पाटी घालायची. आणि वहीत काकूंनी मागच्या खेपेला स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून ठेवली आहे, ती तशीच ठेवायची: "मांजर राती माझ्या उशाक येता, काळजी करू नको."