स्वस्तातला रोजचा लॅपटॉप नीट चालवायचा कसा

बजेटमधला लॅपटॉप घेतला की काही महिन्यांतच "हा तर स्लो झाला" असं बरेच जण म्हणायला लागतात आणि सगळं खापर प्रोसेसरवर फोडतात. माझा पण असाच साधा आहे, आय3 प्रोसेसर, 8 जीबी रॅमवाला (रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी), 512 जीबी एसएसडी (फाईल्स कायमच्या साठवणारी डिस्क), आणि मेल, वर्ड-एक्सेल, व्हिडिओ कॉल, ब्राउझरमध्ये भरपूर टॅब एवढं काम तो आजही व्यवस्थित करतो. त्यासाठी काय काय केलं ते सांगतो, विंडोज 11 आहे असं धरून.

नवीन असेल तर आधी चार्जर लावून सगळे अपडेट होऊ द्या. एकदा-दोनदा रिस्टार्ट मागेल, देऊन टाका. तेव्हा तो तापतो, फॅन आवाज करतो, कारण मागे अपडेट आणि फाईल्सचं इंडेक्सिंग (शोधायला सोपं जावं म्हणून यादी बनवणं) चालू असतं, त्यामुळे पहिल्या तासाभरात स्पीडवरून काही मत बनवू नका. मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जाऊन कंपनीने आधीच भरून दिलेलं नको ते काढा. सगळ्यात आधी ट्रायलवालं अँटीव्हायरस, ते रॅमही खातं आणि सारखं पैसे भरा म्हणून मागे लागतं. ते काढलं की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू होतं, रोजच्या वापराला ते पुरतं, फक्त विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन चालू झालंय ना ते एकदा बघून घ्या.

नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप ॲप्स. मीटिंगची ॲप्स, गेम लाँचर, गाण्यांचं ॲप, हे सगळे लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या न बोलावता येऊन बसतात, त्यांना डिसेबल करा. ॲप कुठे जात नाही, तुम्ही उघडाल तेव्हाच चालू होईल एवढंच. टचपॅड किंवा ऑडिओचं काही दिसलं तर मात्र हात लावू नका.

आता एक गोष्ट जी खूप जणांना माहीतच नसते. रोज शटडाउन करूनही लॅपटॉप जड वाटत असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली अपटाइम बघा. काल रात्री बंद केलेला लॅपटॉप तिथे कित्येक दिवस चालूच आहे असं दिसू शकतं. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा सेव्ह होतो आणि सकाळी तोच परत लोड होतो, म्हणून चालू पटकन होतो पण जुना पसारा पण सोबत येतो. रिस्टार्ट केलं की तो खरा साफ होतो. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करायची सवय लावा, बऱ्याच बारीकसारीक कटकटी तिथेच मिटतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर रॅमवर करा, माझं हे ठाम मत आहे. 8 जीबीतला काही भाग ग्राफिक्स घेतं, काही विंडोज, आणि उरलेल्यात ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र आले की ओढाताण सुरू. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, 2 पैकी 1 दिसला तर दुसरी स्टिक टाकता येते, आणि दोन स्टिक झाल्या की ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्हींमधून एकाच वेळी डेटा जातो, म्हणून ग्राफिक्सलाही फायदा होतो. तिथेच फॉर्म फॅक्टरपुढे रो ऑफ चिप्स (Row of chips) असं असेल तर ती रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, ती बदलता येत नाही, मग जास्तीचा स्लॉट खरंच आहे का ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच विकत घ्या. डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका.

उघडायच्या आधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून दुसरीकडे लिहून ठेवा, कारण बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट किंवा आतल्या बदलानंतर कधीकधी लॅपटॉप ती मागतो आणि नसेल तर डेटा अडकतो. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा म्हणजे पूर्ण बंद होतो, चार्जर काढा, स्क्रू ज्या जागेचे त्याच क्रमाने मांडून ठेवा कारण लांबी वेगवेगळी असते, आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्टिक तिरकी आत सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक करून बसल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू करताना थोडा वेळ स्क्रीन काळीच राहू शकते, घाबरून पॉवर बटण दाबू नका, तो नवीन रॅम ओळखत असतो.

एसएसडी विंडोजमध्ये 476 जीबीच दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी (कंपनी 1000 ने मोजते, विंडोज 1024 ने). तिचा पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा.

बॅटरीचं खरं बघायचं तर कमांड प्रॉम्प्ट (स्टार्टमध्ये cmd शोधा) उघडून powercfg /batteryreport असं लिहा, एंटर. फाईल कुठे सेव्ह झाली ते तिथेच येतं, ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) 42,000 आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) 38,000 असेल तर बॅटरी अजून 90 टक्के आहे, म्हणजे मस्त. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो त्यांनी कंपनीच्या ॲपमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल तर लावून टाका, लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता हे दोन्ही एकत्र सोसत नाही. त्याच कारणाने गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते, तापला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो आणि आपण म्हणतो लॅपटॉप हँग होतोय.

स्क्रीनबद्दल फार अपेक्षा नको, या रेंजमध्ये रंग फिकेच असतात, फोटोचे रंग ठरवायचे तर दुसऱ्या चांगल्या स्क्रीनवर बघा. पण झाकण उघडताना एका कोपऱ्याला धरून ओढू नका, मधोमध धरा. प्लॅस्टिक बॉडीत बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्येच बसवलेले असतात, एका बाजूने रोज ताण आला की तिथली जागा तडकते आणि उघडताना कट-कट आवाज यायला लागतो. तसा आवाज आला तर वापरणं थांबवून लगेच दाखवा, कारण आतून स्क्रीनची केबल तिथूनच जाते.