दोन तारांवर चालणारा सोळा बाय दोनचा डिस्प्ले

पुण्यातील एखाद्या सोसायटीसाठी पाण्याच्या टाक्यांची पातळी दाखवणारे साधे यंत्र करायला घेतले, की मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपेच्या, पिनांचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा लागतो. गच्चीवरची टाकी आणि जमिनीखालची टाकी यांच्यासाठी दोन अल्ट्रासॉनिक सेन्सर म्हणजे चार पिना, महापालिकेच्या पाण्याचा पंप आणि बोअरचा पंप यांच्या दोन रिलेंसाठी दोन, तीन बटणांसाठी तीन आणि बझरसाठी एक, अशा दहा पिना डिस्प्लेचा विचार करण्याआधीच खर्च होतात. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर एकूण वीस पिना असल्या तरी शून्य आणि एक क्रमांकाच्या पिना संगणकाशी संवादासाठी राखलेल्या बऱ्या; म्हणजे उरतात आठ. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा नेहमीचा एलसीडी पूर्ण आठ बिटांनी जोडायचा तर आठ डेटा पिना, आरएस (आज्ञा आहे की अक्षर हे सांगणारी) आणि इनेबल (डेटा उचलायला सांगणारी) अशा दहा पिना लागतात, आणि तेथेच गणित फसते.

या एलसीडीच्या मागे बसवलेला नियंत्रक हिताचीच्या एचडी ४४७८० या चिपशी सुसंगत असतो आणि तो चार बिटांवरही चालतो. प्रत्येक बाइटचे दोन तुकडे करून आधी वरचा आणि मग खालचा तुकडा डी४ ते डी७ या चार पिनांवरून पाठवला, की काम होते. वाचन की लेखन हे ठरवणारी आरडब्ल्यू ही पिन ग्राउंडला जोडली, तर सहा पिनांत डिस्प्ले बसतो. मात्र वेळ दाखवण्यासाठी डीएस ३२३१ हे घड्याळ जोडताच उरलेल्या दोन्ही पिनाही जातात. ७४एचसी ५९५ हे शिफ्ट रजिस्टर (एकामागून एक आलेले बिट एकत्र बाहेर देणारी चिप) वापरून तीन पिनांत भागवता येते आणि ती पद्धत विश्वासार्हही आहे. पण त्या तीन पिना एकट्या डिस्प्लेच्याच होऊन बसतात. म्हणून माझी पसंती पीसीएफ ८५७४ या चिपला आहे. ती आयटूसी पद्धतीने, म्हणजे अनेक चिपांनी वाटून घेतलेल्या दोन तारांवर, बोलते, त्याच दोन तारांवर घड्याळही बसते, आणि वरच्या हिशेबात सहा पिना मोकळ्या राहतात.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ही चिप बसवलेली छोटी पट्टी सहज मिळते. दुकानात ‘आयटूसी मॉड्यूल’ म्हटले की पुरते. एलसीडीच्या सोळा पिनांना ती मागून सोल्डर करायची असते आणि पुढची निम्मी गाऱ्हाणी याच पायरीवर टाळता येतात. पट्टीची एक क्रमांकाची पिन एलसीडीच्या एक क्रमांकाच्या पिनेवरच आली पाहिजे, म्हणून एलसीडीच्या मागे छापलेले अंक वाचल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेऊ नये. आधी फक्त दोन टोकांच्या पिना सोल्डर कराव्यात, पट्टी सरळ बसली आहे याची खात्री करावी आणि मग मधल्या चौदा पिना पूर्ण कराव्यात. पट्टीच्या खालच्या बाजूचे टाके एलसीडीच्या धातूच्या चौकटीला टेकण्याचा संभव असतो. मध्ये इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावला की ती काळजी मिटते.

यानंतर पट्टीच्या चारच तारा उरतात. जीएनडी ग्राउंडला, व्हीसीसी पाच व्होल्टला, एसडीए (डेटाची तार) उनोच्या ए४ पिनेला आणि एससीएल (ठोके देणारी तार) ए५ पिनेला जोडावी. एटीटायनी ८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांनी एसडीए पाचव्या आणि एससीएल सातव्या पायाला जोडावी.

ईएसपी ८२६६ सारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डावर मात्र थांबून विचार करावा लागतो. पट्टीवरचे पुल-अप रेझिस्टर दोन्ही तारा पाच व्होल्टपर्यंत वर ओढतात, आणि हे बोर्डाच्या पिनांच्या हिताचे नाही. उलट बाजूनेही अडचण आहे: पाच व्होल्टवर चालणारी पीसीएफ ८५७४ ही ३.५ व्होल्टच्या वरच्या पातळीलाच खात्रीने ‘एक’ मानते, आणि ३.३ त्याच्या किंचित खाली पडते. असा जोड टेबलावर चालतो आणि बंद डब्यात उन्हाळ्यात दगा देतो, असा माझा अनुभव आहे. पट्टीलाच ३.३ व्होल्ट दिले तर साध्या एलसीडीला कॉन्ट्रास्टसाठी पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि अक्षरे फिकी पडतात. त्यामुळे बीएसएस १३८ ट्रान्झिस्टर असलेला छोटा लेव्हल शिफ्टर (दोन बाजूंच्या व्होल्टेजची पातळी जुळवणारी पट्टी) मध्ये घालणे हाच मला पटलेला मार्ग आहे.

आता पत्त्याविषयी. आयटूसीवर प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो. पीसीएफ ८५७४ चे पत्ते हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेले आकडे) २० ते २७ आणि पीसीएफ ८५७४ए चे हेक्स ३८ ते ३एफ असे असतात. पट्टीवरचे ए०, ए१, ए२ हे तीन बिंदू उघडे असतील तर पत्ता अनुक्रमे २७ किंवा ३एफ येतो. दोन्ही चिपा दिसायला सारख्याच, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून चिपेवरची अक्षरे वाचावीत, किंवा पत्ते शोधून दाखवणारा छोटा स्कॅनर प्रोग्रॅम आधी चालवावा. काही माहितीपत्रकांत २७ ऐवजी ४ई लिहिलेले आढळते. तो वाचन-लेखनाचा बिट धरून लिहिलेला तोच पत्ता आहे, हे लक्षात ठेवावे. दुसरा डिस्प्ले जोडायचा असल्यास त्याच्या पट्टीवरचा ए० बिंदू सोल्डरने जोडला की तिचा पत्ता २६ होतो.

दोन तारांतून नेमके काय जाते ते एकदा कागदावर मांडून पाहावे, कारण पुढचे बहुतेक दोष त्यावरून उमगतात. बहुतेक पट्ट्यांवर पीसीएफचे वरचे चार बिट डी७ ते डी४ ला, आणि खालचे चार क्रमाने बॅकलाइट, इनेबल, आरडब्ल्यू आणि आरएस यांना जोडलेले असतात. इंग्रजी ‘ए’ या अक्षराचा संकेत ०१०० ०००१ आहे. तो छापण्यासाठी प्रथम ०१०० ११०१ आणि लगेच ०१०० १००१ पाठवावे लागते. इनेबल एकवरून शून्यावर उतरताना एलसीडी वरचा तुकडा उचलते. मग ०००१ ११०१ आणि ०००१ १००१ पाठवले की खालचा तुकडाही पोचतो. एका अक्षरासाठी असे किमान चार बाइट आणि त्यांच्यासोबत पत्ताही जात असल्याने, १०० किलोहर्ट्झच्या वेगाने एका अक्षराला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि बत्तीस अक्षरांना तीसेक मिलिसेकंद. म्हणून दर फेरीत पडदा पुसून नव्याने लिहिणे टाळावे. पडदा लुकलुकतो आणि सेन्सरच्या वाचनाचा वेळ वाया जातो. ज्या जागी आकडा बदलला आहे तेथे कर्सर नेऊन तेवढाच आकडा लिहावा. पातळी १०० वरून ९९ झाली की जुना शेवटचा शून्य मागे राहतो आणि वॉचमनला ‘९९०’ दिसते, म्हणून आकडा नेहमी तीन घरांत लिहून मोकळ्या घरात रिकामी जागा छापावी.

आर्डुइनोवर लिक्विडक्रिस्टल आयटूसी ही लायब्ररी घेऊन पत्ता, सोळा आणि दोन एवढे सांगितले की सुरुवातीची कामे ती करते. तरीही त्यातले एक पाऊल समजून घेण्याजोगे आहे. लायब्ररी आरंभी ००११ हा तुकडा तीनदा पाठवते. मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला आणि एलसीडीचा पुरवठा चालूच राहिला, तर ती आठ बिटांच्या अवस्थेत आहे, चार बिटांच्या आहे, की एका बाइटच्या मध्यावर अडकली आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तीनदा ००११ गेल्यावर कोणत्याही अवस्थेतून ती आठ बिटांवर परत येते, आणि मग ००१० पाठवून तिला चार बिटांवर आणले जाते.

या माहितीचा उपयोग दोष शोधताना होतो. पडद्यावर काहीच नसेल पण बॅकलाइट लागला असेल, तर प्रोग्रॅमला हात लावण्याआधी पट्टीवरचा कॉन्ट्रास्ट बदलणारा निळा प्रीसेट बारीक स्क्रू-ड्रायव्हरने सावकाश फिरवावा. मी एकदा पूर्ण संध्याकाळ प्रोग्रॅम तपासण्यात घालवली आणि अखेरीस पाव फेऱ्यात अक्षरे उमटली; तेव्हापासून कोणत्याही नव्या डिस्प्लेवर मी पहिल्यांदा प्रीसेटच फिरवतो. फक्त वरच्या ओळीत सोळा गडद चौकोन दिसत असतील, तर कॉन्ट्रास्ट ठीक आहे, पण आरंभाचे संदेश पोचलेले नाहीत: पत्ता चुकला आहे, एसडीए आणि एससीएल अदलाबदल झाल्या आहेत किंवा सोल्डरचा एखादा टाका ड्राय, म्हणजे नीट न धरलेला, राहिला आहे. अक्षरे मधूनच विचित्र चिन्हांत बदलत असतील, तर रिले ओढल्या क्षणी पुरवठा खाली येतो का ते मल्टिमीटरने पाहावे आणि रिलेंना वेगळा पुरवठा द्यावा.

तारांची लांबी हा सोसायटीच्या कामातला कळीचा मुद्दा आहे. आयटूसी ही मुळात एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी केलेली सोय असून तारांची एकूण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या आत राहणे अपेक्षित असते. डिस्प्ले मायक्रोकंट्रोलरपासून हातभर अंतरात ठेवावा. गच्चीवरून वॉचमनच्या केबिनपर्यंत आकडे आणायचे असतील, तर वर दुसरा मायक्रोकंट्रोलर ठेवून मधले अंतर आरएस-४८५ या लांब तारांसाठीच्या जोडणीने पार करावे.

केबिनमधल्या माणसाला मराठीत वाचता यावे, असे मला मनापासून वाटते. एचडी ४४७८० मध्ये देवनागरी नाही, पण पाच बाय आठ ठिपक्यांची आठ चिन्हे आपण आखून साठवू शकतो. ‘पाणी’ हा शब्द त्यात बसतो. दोन घरांमधल्या फटीमुळे शिरोरेघ तुटते, तरी वाचायला अडचण येत नाही. पूर्ण वाक्ये हवी असतील तर एसएसडी १३०६ नियंत्रकाचा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी त्याच दोन तारांवर, बहुधा हेक्स ३सी या पत्त्यावर, जोडता येतो. त्याच्या पूर्ण चित्रासाठी १०२४ बाइट लागतात. उनोच्या २०४८ बाइट रॅममध्ये ते कसेबसे मावतात, पण एटीटायनी ८५ च्या ५१२ मध्ये मावत नाहीत, त्यामुळे तेथे चित्र तुकड्यातुकड्याने पाठवणारी लायब्ररी घ्यावी.