सोलर गीझरचे जुने अँटिफ्रीझ कुठे टाकावे?

गोव्यात पाणी गोठत नाही, तरी हीट एक्स्चेंजरवाल्या (पॅनेलमधल्या द्रवाची उष्णता वापरायच्या पाण्याला, दोन्ही न मिसळता, देणारा भाग असलेल्या) काही सोलर गीझरांत ग्लायकॉल, म्हणजेच गोठणे रोखणारे अँटिफ्रीझ रसायन, मिसळलेले पाणी भरलेले असते. ते काढताना सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी काढा. पॅनेल आधी ताडपत्रीने झाकून ठेवा; तापलेल्या पॅनेलमधले द्रव दाबाने उसळून भाजते.

द्रव एचडीपीईच्या (जाड, टणक प्लास्टिकच्या) झाकणवाल्या कॅनमध्ये घ्या, वर दहावा भाग रिकामा ठेवा. शीतपेयाची बाटली कधीच वापरू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते; थोडेसेही चाटले तरी कुत्र्या-मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, मुलांनाही तोच धोका. प्रॉपिलीन ग्लायकॉल सौम्य खरे, पण वापरून जुने झाले की आम्लधर्मी होते आणि त्यात तांबे उतरते. पहिल्या धुवणाचे पाणीही कॅनमध्येच जाऊ द्या.

अंगणात ओतू नका. जांभा सच्छिद्र असतो, विहीर जवळच असते. सेप्टिक टँकही नको.

कॅनवर द्रवाचे नाव व तारीख लिहा. इंजिन ऑइल त्यात मिसळू नका; मिसळलेले मग कोणीच घेत नाही. पंचायत किंवा पालिकेला घरगुती घातक कचरा कधी, कुठे घेतात ते विचारा. कूलंट (गाडीचे इंजिन थंड ठेवणारे द्रव) गोळा करणारे गॅरेजही चालेल, मात्र ते पुढे कुठे पाठवतात ते आधी विचारा. सांडलेच तर भुसा टाकून शोषून घ्या आणि तो भुसाही त्याच कचऱ्यासोबत द्या.