गजांशिवायचा तुरुंग: पॉडची एक पाळी कशी सांभाळायची

माझा भाचा गेल्या वर्षी कारागृह शिपाई म्हणून लागला. दिवाळीत कराडला गेले तेव्हा तो मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. "मावशी, मध्ये गज नाहीत, काच नाही, बंदूक नाही, आणि 48 पुरुष बंद्यांमध्ये तू एकटी?" हो, एकटी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जेलमध्ये 14 वर्षं मी हेच पहाऱ्याचं काम करते आहे. दोन रात्री ओट्यावर बसून त्याला जे समजावलं, ते इथे सगळ्यांसाठी लिहिते. इथे भरती होणारी मराठी मुलं-मुली आता दिसायला लागली आहेत, त्यांना उपयोग होईल. तुरुंगाचे नकाशे काढणाऱ्यांनीही वाचावं.

काउंटी जेल म्हणजे मुख्यतः कच्च्या कैद्यांचा तुरुंग. खटला चालू असलेले आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेले इथे असतात. कॅलिफोर्नियात 2011 मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून काही जण कित्येक वर्षंही काढतात. जुन्या जेलमध्ये लांबलचक गल्ली आणि ओळीने कोठड्या असायच्या. शिपाई फेरी मारून पुढे गेला की मागे जे घडायचं ते त्याला दिसत नसे. मग काचेच्या खोलीतून बघण्याची पद्धत आली. दिसायला लागलं, पण ऐकू येईना. 1970 च्या दशकात फेडरल (केंद्र) सरकारने शिकागो, सॅन डिएगो आणि न्यूयॉर्कला नव्या धर्तीची जेलं बांधली आणि अधिकाऱ्याला थेट बंद्यांमध्ये बसवलं. शिकागोच्या 1975 च्या त्रिकोणी इमारतीचा आराखडा वास्तुविशारद हॅरी वीज यांचा. तिच्या खिडक्या जेमतेम 5 इंच रुंद आहेत. तेवढ्यातून माणूस जाणार नाही असं धरलं, म्हणून सुरुवातीला गज लावले नव्हते. काउंटी पातळीवर हा प्रयोग पहिल्यांदा 1981 मध्ये कॅलिफोर्नियातच मार्टिनेझला, कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत झाला. याला डायरेक्ट सुपरव्हिजन म्हणतात, आणि अशा एका दालनाला, म्हणजे मधली मोकळी जागा आणि भोवतीच्या कोठड्यांना, पॉड.

आता काम. पाळी सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. नोंदवही वाचा, पण तिच्यावर थांबू नका. जाणाऱ्याला तोंडी तीन गोष्टी विचारा: आज कोर्टातून कोण परत आलं, कुणाला घरून वाईट बातमी आली, आणि कोण जेवला नाही. वहीत "सर्व ठीक" लिहिलेलं असतं आणि 17 नंबरच्या मुलाला त्याच दुपारी सात वर्षांची शिक्षा लागलेली असते. तो रात्री काय करेल, हे "सर्व ठीक" मधून कळत नाही.

आत गेल्यावर खुर्चीत बसू नका, आधी चालून या. खालचा मजला, जिना, वरचा मजला, न्हाणीघर, मागचा कोपरा. प्रत्येकाकडे बघा आणि आडनाव घेऊन हाक मारा. नियमाप्रमाणे तासातून किमान एकदा प्रत्येक बंदी डोळ्यांनी बघावाच लागतो. पण तासाला एक फेरी मारून भागवणारा माणूस जुन्या गल्लीतलाच शिपाई झाला. मी सारखी फिरते, आणि वेळ ठरवून फिरत नाही. रात्रीच्या गिनतीला मला कातडी दिसली पाहिजे आणि छाती वरखाली होताना दिसली पाहिजे. पांघरुणाचा उंचवटा मी मोजत नाही. संशय आला तर हाक मारून उठवते. शिव्या पडतात, त्या ऐकून घेते.

कमरेला रेडिओ आणि धोक्याचं बटण असतं. दारं बाहेरची कंट्रोल रूम उघडते. बटण दाबलं की माणसं धावत येतात, पण ती येईपर्यंतचा वेळ तुमच्या एकटीचा असतो. तो वेळ बटणावर निभत नाही. गेल्या महिनाभरात तुम्ही या माणसांशी कसं वागलात, त्यावर निभतो.

नवा बंदी आला की हातातलं काम ठेवा. पहिली दहा मिनिटं त्याला द्या. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत चादर आणि ब्रश घेऊन दारात उभा असतो, आणि 47 जण त्याच्याकडे बघत असतात. मी त्याला माझ्या टेबलापाशी बोलावते, नाव विचारते, औषधं चालू आहेत का विचारते, फोन दाखवते. घरी फोन झाला नसेल तर आधी तो करायला लावते. मग नियम माझ्या तोंडाने सांगते. मी नाही सांगितले तर कुणीतरी दुसरा सांगणारच, आणि त्याचे नियम वेगळे असतात. त्यात कुठल्या टेबलावर कोण बसतो आणि टीव्ही कुणाच्या मर्जीने लागतो, हे असतं.

इथे माझी एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्या पॉडमध्ये एक चाळिशीचा, शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारा बंदी होता. फोनच्या पाळ्यांची यादी मी त्याच्याकडे दिली. माझं काम हलकं झालं, भांडणं थांबली, मला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी एक 19 वर्षांचा मुलगा टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला. खूप वेळाने म्हणाला, आईशी नऊ दिवस बोललो नाही. यादीवर पाळी मिळवायला नूडल्सची चार पाकिटं द्यावी लागत होती, आणि त्याच्या खात्यात कॅन्टीनपुरतेही पैसे नव्हते. भांडणं थांबली होती, कारण पॉड आता त्या शांत माणसाचा झाला होता. त्या दिवसापासून फोनची यादी, टीव्हीचा रिमोट, पोछा-बादली, उरलेलं जेवण, यातलं काहीही मी कुणा बंद्याच्या ताब्यात देत नाही. साफसफाई ते करतात, पण कोण कधी करणार हे मी ठरवते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, आमच्याकडे संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत हेच."

शिस्तीचं म्हणाल तर आवाज चढवण्याची गरज फार कमी पडते. चूक दिसली की लगेच बोला, पण त्याच्या कोठडीच्या दारापाशी जाऊन, दोघांनाच ऐकू येईल असं. चारचौघांत टोकलं की त्याला उलटून बोलावंच लागतं, नाहीतर बाकीच्यांत त्याची पत जाते. शिक्षा छोटी आणि त्याच दिवशी हवी. आज संध्याकाळी टीव्ही नाही, असं सांगितलं की पुरतं. ज्याला चौघांत राहणं जमतच नाही, त्याला बंद विभागात हलवायला लावा, आणि त्यात मनाला लावून घेऊ नका. पॉड सगळ्यांसाठी नसतो. कोण कुठे ठेवायचा ही छाननी आधी नीट झाली नाही, तर चांगला अधिकारीही हरतो.

"बघते" हा शब्द पॉडमध्ये वापरू नका. साबण हवाय, डॉक्टरला चिठ्ठी द्यायचीय, कोठडी बदलायचीय, काहीही असो. "हो" म्हणा, "नाही" म्हणा, किंवा "संध्याकाळी सहापर्यंत सांगते" म्हणा. आणि सहाला, उत्तर नाही असलं तरी, स्वतः जाऊन सांगा. माझ्या खिशात यासाठी छोटी वही असते.

वरिष्ठांनाही एक सांगायचंय. एकदा मी एका बंद्याचा टीव्हीचा तास बंद केला होता. एक वरिष्ठ आत आले, सगळ्यांसमोर म्हणाले, जाऊ दे, बघू दे त्याला, आणि निघून गेले. त्यांचं दोन मिनिटांचं काम होतं. मला मात्र पॉड पुन्हा हाताशी यायला तीन आठवडे लागले. निर्णय चुकला असेल तर बाहेर बोलवून सांगा, मी आत जाऊन माझ्या तोंडाने बदलेन.

नकाशा काढणाऱ्यांसाठी आता थोडं. अधिकाऱ्याच्या टेबलापाशी उभं राहिलं की प्रत्येक कोठडीचं दार दिसलं पाहिजे. जिन्याखालचा एक अंधारा कोपरा पुरतो, मारहाण तिथेच होते. टेबल उघडं आणि कमरेइतकं हवं. त्याभोवती काच लावलीत की अधिकारी आत जाऊन बसतो आणि बाहेर येत नाही. मोकळं अंगण पॉडला लागूनच असू द्या, म्हणजे कुणाला हवेवर सोडायला दुसरा शिपाई बोलवावा लागत नाही. नर्सही पॉडमध्येच यावी. आणि आवाजाकडे लक्ष द्या. स्टील आणि काँक्रीटमध्ये 48 माणसांचं साधं बोलणंही गलका होतो, माणसं ओरडून बोलू लागतात आणि ओरडण्याचं भांडण होतं. म्हणून या पद्धतीच्या पहिल्या जेलांनी गालिचे, लाकडी दारं, चिनीमातीचे संडास आणि साध्या खुर्च्या ठेवल्या. हे लाड नाहीत. माझ्या पॉडमधला गालिचा मध्यंतरी काढला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा घसा बसला. मोडलेली वस्तू त्याच दिवशी दुरुस्त करा. एक तुटकी खुर्ची आठवडाभर राहिली की दुसरी तुटते.

आणि गर्दी. एकेकाच्या कोठडीत दुसरी खाट टाकून 48 चे 90 करणं कागदावर सोपं आहे. 48 नावं, चेहरे, कोर्टाच्या तारखा मला पाठ असतात. 90 होत नाहीत, आणि नाव माहीत नसलेला माणूस माझं ऐकत नाही.

पाळी संपताना परत एक फेरी मारा, गिनती जुळवा, आणि खिशातली वही काढून पुढच्याला राहिलेल्या ओळी वाचून दाखवा. 31 नंबरला सहा वाजता कोठडीबद्दल उत्तर द्यायचंय. पुढच्याला हे माहीत नसेल, तर सहा वाजता शब्द माझा मोडतो, आणि तोंड त्याला द्यावं लागतं.